पिरॅमिड बांधणारी माणसं पिरॅमिडवर हसत होती का?

तुम्ही विचारलंय की पिरॅमिड, मोठाली देवळं, पुतळे, कमानी हे सगळं उभं राहत होतं तेव्हा आजूबाजूची माणसं त्यावर जोक मारत असतील का, की सगळे हात जोडून गप्प उभे होते, आणि मारत असतील तर पुरावा काय. पुरावा आहे, बऱ्यापैकी आहे, फक्त आपण जिथे बघायला जातो तिथे तो नसतो. मी गेली बावीस वर्षं जुने शिलालेख आणि त्याहून जास्त भिंतींवरचं खरडलेलं वाचतेय, आणि अनुभव असा की राजाने कोरून घेतलेल्या मजकुरात हसू शून्य, आणि त्याच दगडाची जी बाजू आत जाणार होती, कोणाला कधी दिसणार नव्हती, तिथे माणसं भेटतात.

आता अडचण अशी की जोक हा तोंडी माल, माणसाबरोबर मरतो. टिकतो तो अपघाताने. म्हणजे कोणी चिडून लिहून ठेवला, किंवा शिकाऊ लेखनिकांना गिरवायला दिला, किंवा भिंतीवर खरडला आणि ती भिंत गाडली गेली. आणि त्याहून मोठी अडचण, चार हजार वर्षांपूर्वीचं एखादं वाक्य थट्टेतलं की गंभीर हे ठरवायचं कसं? नेटवर सगळ्यांचं लाडकं उदाहरण घ्या. गिझाच्या तिसऱ्या पिरॅमिडच्या, म्हणजे मेनकौरे राजाच्या, कामावरच्या टोळ्या दगडांवर लाल रंगाने आपलं नाव टाकायच्या, आणि त्यातल्या एका टोळीचं नाव 'मेनकौरेचे दारुडे'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही खूप हसले होते. पण इजिप्तमध्ये बिअर हा मजुरीचाच भाग होता, आणि हाथोर देवीच्या उत्सवात झिंगणं ही चक्क भक्ती होती, त्यामुळे ह्याचा अर्थ 'राजाच्या नावाने धुंद झालेले' असा अगदी सज्जन पण निघू शकतो. माझं मत विचाराल तर दोन्ही. नावात राजा आहे आणि ते वाचणारा लेखनिक वर बसलाय, त्यामुळे उघड टवाळी शक्य नाही, पण दिवसभर टनावारी दगड ओढणारी पोरं स्वतःला दारुडे म्हणवून घेतात तेव्हा दुसरा अर्थ त्यांच्या डोक्यातच आला नसेल हे मला काही पटत नाही.

बाकी पिरॅमिडच्या काळातून काय मिळतं? २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे, म्हणजे तेव्हाच्या कागदाचे, तुकडे सापडले, गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्याच काळातले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हा माणूस आपली टीम घेऊन तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीने गिझाला पोचवत होता, म्हणजे १४६ मीटर उंचीवर जाणारं ते काम त्याच्या डोळ्यांसमोर चढत होतं, आणि लिहितो काय, तर आज दगड भरले, निघालो, अमुक ठिकाणी मुक्काम, पोचलो, परत फिरलो. कौतुक नाही की कुरकुर नाही. पिरॅमिड म्हणजे त्याच्या लेखी डिलिव्हरीचा पत्ता. हे सांगतेय कारण लोक मला विचारतात की एवढं प्रचंड बघून त्यांना काहीच कसं वाटलं नाही, अहो रोज तिथेच जायचं असेल तर काय वाटणार.

खरा माल मिळतो तो चौदाएकशे वर्षांनी, देर एल-मदिना ह्या गावात. व्हॅली ऑफ द किंग्जमधली राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे राहायचे, त्यातल्या बऱ्याच जणांना लिहिता यायचं, आणि कागदाच्या जागी चुनखडीचे कपचे फुकट पडलेले, त्यामुळे मनात येईल ते खरडून ठेवलेलं सापडतं. दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीतल्या ४०व्या वर्षाचा हजेरीपट आहे, त्यात गैरहजेरीची कारणं दिलीत, कोणाला विंचू चावला, कोणी घरी बिअर काढत होता. हा जोक नाही, हिशेब आहे, पण हे वाचलं की थडग्याचं गांभीर्य जरा सैल होतं.

आणि मग तुरिनच्या संग्रहालयातला तो वात्रट पपायरस, इ.स.पू. ११५०च्या आसपासचा. त्या काळच्या कुठल्याही मोठ्या देवळाच्या भिंतीवर एक ठरलेलं चित्र असायचं, फेरो रथात उभा, धनुष्य ताणलेलं, समोर शत्रूचा किल्ला, आणि सगळे पटापट पडतायत. पपायरसवर तेच चित्र, तीच पोझ, फक्त रथात उंदीर, रथाला कुत्री जुंपलेली, आणि किल्ल्यात मांजरी. बाकी एक रेघ बदललेली नाही. असं चित्र बाहेरचा कोणी हौशी माणूस काढूच शकत नाही, ज्याने आयुष्यभर ती खरी पोझ गिरवली त्याचाच हा हात. माझ्या मते स्मारकावरचा हा जगातला सगळ्यात अस्सल जोक, कारण ह्यात राजाला एक शब्द बोललेलं नाही, फक्त त्याच्या भिंतीची भाषा उंदराला दिलीय. आणि हा काळ साधारण तोच, जेव्हा तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी ह्याच गावच्या कामगारांनी रेशन थकलं म्हणून काम टाकून देवळांच्या मागे ठिय्या दिला होता, महिन्याचे अठरा दिवस उलटले आणि आम्ही उपाशी आहोत म्हणून. उंदराचं चित्र त्या संपावरच काढलंय असं मी म्हणत नाहीये, तसा धागा जोडता येत नाही, पण दोन्ही एकाच वस्तीतलं आहे.

ऑफिसवाल्यांचा विनोद वेगळा, जास्त खवचट. होरी नावाच्या लेखनिकाने दुसऱ्या लेखनिकाला लिहिलेलं एक लांबच्या लांब पत्र आहे, नंतर ते विद्यार्थ्यांना गिरवायला देत म्हणून टिकलं. त्यात होरी समोरच्याची सालं काढतो. बाबा रे, तू स्वतःला हुशार म्हणवतोस ना, मग हे सांग, ७३० हात लांब, ५५ हात रुंद, ६० हात उंच उतार बांधायचाय, आत १२० कप्पे, वेत आणि तुळया भरलेले, विटा किती लागतील? सगळे लेखनिक जमलेत आणि एकालाही येत नाही, सगळ्यांची भिस्त तुझ्यावरच आहे, सांग लवकर. मग ११० हातांच्या ओबेलिस्कला, म्हणजे अखंड दगडाच्या निमुळत्या खांबाला, ओढायला माणसं किती, मग भला मोठा पुतळा उभा करायचा हिशेब. भव्य स्मारक म्हणजे ह्या लोकांसाठी काय होतं ते इथे कळतं, चारचौघात अब्रू घालवणारं गणित. साइटवर काम केलेल्या कोणालाही हा टोन ओळखीचा वाटेल.

आता टुरिस्ट. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस पिरॅमिड बघायला गेला तेव्हा ते दोन हजार वर्षांहून जुने होते. त्याला दुभाष्याने पिरॅमिडवरचा एक लेख 'वाचून' दाखवला, की मजुरांना मुळे, कांदे आणि लसूण खायला घालण्यात १६०० टॅलंट (टॅलंट हे तेव्हाचं वजनाचं मोठं माप) चांदी गेली. हिरोडोटस गंभीरपणे म्हणतो, मला चांगलं आठवतंय. पुढे अजून एक गोष्ट ऐकवली, खुफूचे पैसे संपले म्हणून त्याने पोटच्या पोरीला कोठ्यावर बसवलं, आणि तिने प्रत्येक गिऱ्हाइकाकडून एक एक दगड जादा मागून स्वतःचा छोटा पिरॅमिड उभा केला. ही कथा इतिहास म्हणून शून्य किमतीची आहे, पण जोक म्हणून तिची रचना बघा, एवढ्या दगडांचा ढीग दिसतोय, तो मोजा, आणि मग गिऱ्हाइकं मोजा. गाईड लोकांचा हा धंदा तेव्हाही असाच होता असं माझं मत, परका पाहुणा आला की थोडं फेकायचं आणि तो वहीत लिहून घेतोय का ते बघायचं.

ग्रीकांनी ह्याची परतफेड नावं ठेवून केली, अगदी शब्दशः. ओबेलिस्क हा ग्रीक शब्द, अर्थ 'छोटी सळई', मांस भाजायची. अस्वानच्या खाणीत तडा गेल्यामुळे अर्धवट सोडलेला ओबेलिस्क आहे, जवळजवळ ४२ मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर, ही यांची छोटी सळई! मगरीला त्यांनी कुंपणावरच्या सरड्याचं नाव दिलं, आणि शहामृगाला चिमणीचा शब्द वापरला, त्यामुळे ही मुद्दाम लावलेली सवय दिसते, समोर काहीही अवाढव्य आलं की त्याला घरातल्या किरकोळ वस्तूचं नाव द्यायचं. अबू सिंबेलला दुसऱ्या रामसेसच्या पुतळ्याच्या पायावर भाडोत्री ग्रीक सैनिकांनी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला नावं कोरलीत, त्यातल्या एका सहीचा अर्थ काही अभ्यासक 'लिहिणार कुऱ्हाड, बापाचं नाव कोणी नाही' असा लावतात, काही म्हणतात साधं नाव आहे. मी पहिल्या गटात, पण पैज लावणार नाही.

स्वतःच्या शहरातल्या कामांवर ग्रीक जास्त जोरात तुटून पडायचे. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस ह्याने तिथे पार्थेनॉनचं देऊळ वगैरे काढलं तेव्हा विरोधक सभेत ओरडत होते की हा शहराला एखाद्या नखरेल बाईसारखा नटवतोय, महागडे दगड, पुतळे आणि हजार हजार टॅलंटची देवळं तिच्या अंगावर घालतोय. नाटककार क्रॅटिनस तर हात धुऊन मागे लागलेला. शहरापासून बंदरापर्यंतची लांब भिंत रखडली होती त्यावर तो म्हणतो, पेरिक्लीस कधीपासून तोंडाने ती भिंत पुढे ढकलतोय, प्रत्यक्षात हलवत नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात! मग ओडिऑन नावाचं संगीतगृह झालं, चहूबाजूंनी उतरतं छप्पर असलेलं, आणि पेरिक्लीसचं डोकं जरा लांबट होतं हे अख्ख्या गावाला माहीत, तर क्रॅटिनसचं पात्र म्हणतं, तो बघा आला कांद्याच्या डोक्याचा झ्यूस (झ्यूस म्हणजे ग्रीकांचा सगळ्यात मोठा देव), डोक्यावर ओडिऑन घालून. चरित्रकार प्लुटार्कने पाचशे वर्षांनी उतरवून ठेवलं म्हणून हे आपल्याला माहीत आहे, नाहीतर त्या नाटकांचे फक्त तुकडे उरलेत.

माझा सगळ्यात आवडता जोक मात्र दोनदा सापडतो, म्हणून तो तेव्हा लोकांच्या तोंडात फिरत असावा असं वाटतं. ऑलिंपियाला फिडियसने केलेला झ्यूस होता, बसलेला, सुमारे १२ मीटर, सात आश्चर्यांपैकी एक. त्यावर इसवी सनाच्या सुरुवातीचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो, कारागिराचं माप चुकलंय, देव बसलेला असून डोकं छताला लागतंय, उभा राहिला तर देवळाचं छप्परच उडवेल. आता शंभरेक वर्षं पुढे या. रोममध्ये सम्राट हेड्रियनने स्वतः डिझाइन केलेलं व्हीनस आणि रोमा देवींचं देऊळ, नकाशा अपोलोडोरसकडे पाठवला, हा आधीचा सम्राट ट्रेजनचा फोरम, म्हणजे भव्य चौक, बांधणारा माणूस, त्या काळचा एक नंबरचा आर्किटेक्ट. त्याने उत्तर दिलं की मूर्ती गाभाऱ्याच्या मानाने फार उंच आहेत, देवींना उठून बाहेर जावंसं वाटलं तर जमणार नाही. ह्याच अपोलोडोरसने आधी कधीतरी हेड्रियनला 'जा तू, तुझे भोपळे काढ, तुला ह्यातलं काही कळत नाही' असं ऐकवलं होतं, बहुतेक त्याच्या घुमटांच्या ड्रॉइंगवरून. रोमन इतिहासकार कॅसियस डायो सांगतो की ह्यापायी हेड्रियनने त्याला मारून टाकलं. अनेक इतिहासकार त्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि मलाही तो भाग मसाला वाटतो, पण क्लायंटच्या ड्रॉइंगवर कॉमेंट करताना जपून हे मात्र खरं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, नुसत्या मोठेपणावर कोणी हसत नाही, हसतात ते मोठ्या वस्तूच्या शेजारी काहीतरी लहान सापडलं की. देव मोठा पण छप्पर ठेंगणं. मिंडस गावाची वेस अवाढव्य आणि गाव एवढंसं, म्हणून ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीस म्हणाला, मिंडसकरांनो, दारं लावून घ्या नाहीतर गाव बाहेर पळून जाईल. नाकापेक्षा मोती जड म्हणतो आपण ते हेच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक लुसियन तर ह्यात मास्टर. सोन्या-हस्तिदंताच्या भव्य मूर्तींबद्दल तो म्हणतो की बाहेरून झ्यूस, आत वाकून बघा तर दांडे, खिळे, डांबर, चिखल आणि उंदरांची वस्ती. म्हणजे बडा घर पोकळ वासा, अगदी अक्षरशः. त्याच्याच एका संवादात राजा मॉसोलस, ज्याच्या थडग्यावरून मॉसोलियम शब्द आला, मेल्यावर पाताळात थडग्याची फुशारकी मारतो, तेव्हा डायोजिनीस म्हणतो, आमच्यापेक्षा जास्त तुझ्याकडे एवढंच दिसतंय की तुझ्या उरावर जास्त दगड आहेत.

रोमचे लोक जरा कमी शब्दात बोलायचे. इ.स. ६४च्या आगीनंतर नीरोने शहराच्या मधोमध सुवर्णमहाल पसरायला घेतला, तेव्हा दोन ओळी फिरायला लागल्या, 'रोमचं आता घर होतंय, नागरिकांनो, चला व्हेईला राहायला, अर्थात हे घर व्हेईपर्यंत पोचलं नसेल तर.' व्हेई हे गाव तिथून पंधराएक किलोमीटरवर. बोलणाऱ्याचं नाव कुठेच नाही, अशा जोकला बाप नसतो. आणि पुढचा एक सम्राट डोमिशियन, त्याने तर शहरभर इतक्या कमानी उठवल्या की एका कमानीवर कोणीतरी फक्त एक शब्द लिहून गेला, 'आर्की'. लॅटिनमध्ये आर्कुस म्हणजे कमान, पण ग्रीकमध्ये आर्केई म्हणजे 'पुरे'. एका शब्दात दोन भाषा, आणि पकडलं तर म्हणायला मोकळा की साहेब, कमानच लिहिलंय. मराठीत करायचं तर त्या कमानीवर 'कमाल' लिहावं लागेल.

शेजाऱ्यांच्या स्मारकावर हसायची सोय वेगळीच असते, तिथे जपायचं काही नसतं. बायबलमधली बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट आपण शिक्षेची गोष्ट म्हणून ऐकतो, पण मूळ हिब्रूत ती चांगलीच खोडसाळ आहे. बॅबिलोनचे लोक आपल्या शहराच्या नावाचा अर्थ सांगायचे 'देवाचं दार', बाब-इली. गोष्ट सांगणारा म्हणतो, कसलं दार, हे नाव 'बालाल'वरून आलंय, म्हणजे गोंधळ. तिथला खरा झिगुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा देवळाचा मनोरा, नव्वदेक मीटर उंच होता, आणि गोष्टीत आकाशाला टेकणारा हा मनोरा देवाला वरून दिसतच नाही, त्याला बघायला खाली उतरावं लागतं. शिवाय दगडाच्या मुलखातला हा माणूस मुद्दाम नमूद करतो की त्यांच्याकडे दगडाऐवजी विटा आणि चुन्याऐवजी डांबर होतं. विटांचं म्हणाल तर मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या विटांवर कुत्र्यांच्या पंजांचे ठसेपण सापडतात, ओल्या विटा वाळत घातलेल्या आणि कुत्रं चालून गेलेलं, आणि त्या तशाच भाजल्या गेल्या. कुत्र्याचा काही जोक करायचा विचार नव्हता, पण ती वीट बाजूला न टाकता भट्टीत लावणारा माणूस हसला असेल असं मला नेहमी वाटतं.

परत इजिप्तला येते, कारण शेवटचा मोठा साठा तिथेच आहे, रोमन काळातल्या टुरिस्टांचा. ग्रीक कथांमधल्या मेम्नॉन ह्या वीराचे म्हणून दाखवतात ते दोन पुतळे खरं तर इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेप राजाचे, त्यातला एक भूकंपात फुटल्यावर पहाटे आवाज काढायला लागला आणि लोक ऐकायला येऊ लागले. स्ट्रॅबोने आवाज ऐकला, पण म्हणतो की तो पुतळ्यातून आला की चौथऱ्यातून की तिथे उभ्या असलेल्या कोणी मुद्दाम काढला, सांगवत नाही. इ.स. १३० मध्ये हेड्रियन आपल्या लवाजम्यासह आला तेव्हा पहिल्या दिवशी पुतळा गप्पच राहिला. केवढी पंचाईत! बरोबर ज्युलिया बाल्बिला नावाची कवयित्री होती, तिने पुतळ्याच्या पायावर कविता कोरून घेतली की महाराणी सबीनाने परत यावं म्हणून मेम्नॉन मुद्दाम गप्प बसला. हा जोक आहे की सारवासारव, तुम्हीच ठरवा.

आणि सहाव्या रामसेसच्या थडग्यात भिंतींवर हजारभर तरी सह्या-शेरे आहेत. एक जण लिहितो, बघितलं, शवपेटी सोडून काहीच आवडलं नाही. दुसरा वैतागलाय, ही चित्रलिपी मला वाचता येत नाही. त्यावर एकाने उत्तर दिलंय, नाही येत वाचता तर तुझं काय बिघडलं, मला तुझी चिंताच कळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बाचाबाची मी विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की मॅडम हे खरं आहे का. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई ह्या रोमन शहरातल्या लोकांना तर ह्या खरडण्याचाच कंटाळा आला होता, तिथे एक ओळ वेगवेगळ्या भिंतींवर परत परत सापडते, 'भिंती, एवढ्या लोकांचं रटाळ लिखाण अंगावर घेऊन तू अजून पडली कशी नाहीस?', आणि ही ओळ लिहिणारा प्रत्येक जण भिंतीवरचं ओझं अजून एका ओळीने वाढवून गेला.

थोडं नंतरचं आहे, पण सिगिरिया सांगितल्याशिवाय राहवत नाही. श्रीलंकेत पाचव्या शतकात कश्यप राजाने त्या उभ्या कातळावर महाल बांधला, कातळावर सुंदर स्त्रियांची चित्रं काढून घेतली, आणि पुढे आठव्या ते दहाव्या शतकात येणारे-जाणारे तिथल्या आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर त्यांच्यावर कविता खरडत बसले. ह्यातल्या सहाशेच्या वर वाचून छापल्यात. बहुतेक पुरुषांच्या, आणि बहुतेक रडगाणी, ही बोलतच नाही, हिचं काळीज दगडाचं. मग त्यातच एक बाईचा आवाज येतो, चित्रातल्या बाईच्या वतीने बोलतेय ती. म्हणते, अरे मूर्खांनो, इथे येता, घाम गाळून जुळवलेल्या कविता म्हणता, आम्ही बायका आहोत हे आठवून तुमच्यातला एक जण तरी कधी मद्य आणि गूळ घेऊन आलाय का?